चौथा प्रश्न

जामनेर, ता. ९ जून १९५६

चि. शालिग्राम यास,

आशीर्वाद लिहायला लेखणी उचलली होती, पण थांबले. आधी तुझ्याकडून एक उत्तर हवंय, मग बघू आशीर्वादाचं.

आपली सुगंधा परवा इथं आली. आली कसली, आणून टाकली. हिलाल पाटलाच्या गड्यानं तिला स्टेशनवरून टांग्यात घातलं, ओट्यावर बसवलं, आणि "पाटीलबुवांनी सांगितलंय, सुनेचं डोकं ठिकाणावर नाही, तुमची तुम्ही सांभाळा" एवढं बोलून पाणीसुद्धा न पिता निघून गेला. बेबीला त्यांनी ठेवून घेतलं. दीड वर्षाची पोर रे, अजून अंगावर पिणारी! सुगंधाची चोळी भिजते आणि ही वेड्यासारखी विचारते, "अक्का, बेबी उठली का?"

चैत्रात यात्रेहून परतताना ती बैलांच्या दमणीतून पडली होती, हे मला त्या गड्याकडून कळलं. माझी सख्खी बहीण पडते, डोक्यावर आपटते, आणि मला चिठ्ठी नाही की निरोप नाही. गड्याला म्हटलं, डॉक्टरला दाखवलं होतं का? तर म्हणतो कसा, "दाखवलं ना बाई, धुळ्याला, तुमच्याच मावसभावाला. त्यांनीच सांगितलं, हिला काहीएक झालेलं नाही." शालिग्रामा, तू तिला तपासलंस आणि मला कळवलं नाहीस?

आता तिची दशा ऐक. उजेड सोसत नाही. माजघरात भिंतीकडे तोंड करून बसते. भांडं पडलं की दोन्ही कान दाबून धरते. काल चुलीवर दूध करपलं, घरभर धूर झाला, ही शेजारीच बसलेली, तिला वाससुद्धा आला नाही. कौतिककाका प्रेमानं "बाय, जेवून घे" म्हणाले, तर त्यांच्या अंगावर खेकसली आणि मग तासभर रडत होती. आपली सुगंधा, जिच्या तोंडून कधी चढा शब्द ऐकला नव्हता!

सासरचे म्हणतात, नाटकं करते, कामचुकार झाली, आणि सगळ्यात मोठा गुन्हा काय, तर भर दवाखान्यात सासऱ्यासमोर नवऱ्याचं नाव घेतलं. हे मात्र धादांत खोटं. मतदारयादीवाला दारात आला तेव्हा नवऱ्याचं नाव सांगायला हिनं शेजारच्या ताईबाईला हाक मारून आणली होती. लग्नात उखाणा घेईपर्यंत पंगतीतलं वरण गार झालं होतं. ती सासऱ्यासमोर नाव घेईल? पोरीला घराबाहेर काढायला काहीतरी कुभांड रचायचं, म्हणून हे रचलं.

हिलाल पाटलाला मी सोडणार नाही. तिच्या त्या नवऱ्याला, अभिमनला, तर नाहीच नाही. पण आधी तू सांग, तू काय तपासलंस?

धुरपदा

---

धुळे, ता. १४ जून १९५६

ती. धुरपदाअक्का हिस शालिग्रामचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तू रागात लिहितेस तेव्हा समोरच्याला जागा ठेवत नाहीस, हे लहानपणापासून माहीत आहे, म्हणून मनावर घेत नाही.

सुगंधाला मी नीट तपासलं होतं. पडल्यानंतर चौथ्या दिवशी तिचे सासरे आणि जावई तिला घेऊन आले. डोक्याला खोक नाही, सूज नाही, नाकाकानातून रक्त नाही. डोळ्यांवर बॅटरी मारून पाहिली, दोन्ही बाहुल्या सारख्या. एक उलटी झाली होती असं सासरे म्हणाले, पण यात्रेतली शेव खाल्ल्यावर निम्म्या गावाला उलट्या होतात. शुद्ध गेली नव्हती. पडल्या पडल्या उठून उभी राहिली आणि हसली, असंही ते म्हणाले. हसण्याइतकी शाबूत होती म्हणजे बघ.

तरीही आमच्या पद्धतीप्रमाणे मी तिला चार प्रश्न विचारले. तुझं नाव काय, गाव कोणतं, आज वार कोणता, नवऱ्याचं नाव काय. चारही उत्तरं तिनं न अडखळता दिली. तेव्हा नावाच्या बाबतीत तरी पाटील मंडळी खोटं बोलत नाहीत. मी विचारलं आणि तिनं खणखणीत सांगितलं, "अभिमन." त्यावर सासऱ्यांचं तोंड एवढंसं झालं, ते मी पाहिलं. मला तर उलट बरं वाटलं. म्हटलं, आपल्या घरातली एक तरी बाई सुधारली.

तुला कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं काही नव्हतं. डोकेदुखीच्या गोळ्या दिल्या आणि दोन दिवस आराम सांगितला.

आता स्पष्ट लिहितो, रागावू नकोस. तू लिहितेस ती लक्षणं मनाची आहेत. सासरी काही बिनसलं असेल. तिला माजघरात कोंडून लाड करू नकोस. उठव, उन्हात ने, दळण टाक, हाताला काम दे. आपोआप ताळ्यावर येईल. आणि पाटलांशी वाकडं घेऊ नकोस. बेबी त्यांच्या ताब्यात आहे.

तुझा,
शालिग्राम

---

जामनेर, ता. २१ जून १९५६

शालिग्रामा,

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझ्या त्या दळणाच्या सल्ल्यावर इतकी चिडले की कागद चुलीत टाकणार होते. बरं झालं टाकला नाही. दुसऱ्यांदा वाचला आणि पायाची आग मस्तकात गेली.

नाव घेतलं? खरंच घेतलं?

अरे, तुझी स्वतःची बायको तुला हाक कशी मारते? "अहो, ऐकलं का" म्हणून ना? तुझ्या आईनं, माझ्या मावशीनं, मरेपर्यंत तुझ्या वडिलांचं नाव उच्चारलं नाही. शाळेच्या दाखल्यावर नाव लिहायचं होतं तेव्हा "ज्यानी कंसाला मारलं त्याच्या भावाचं" असं कोडं मास्तरांना घातलं होतं, आठवतं? याच मातीतला आहेस ना तू? आणि तुझ्यासमोर आपली सुगंधा, सासरा हातभर अंतरावर बसलेला असताना, डोक्यावरचा पदर न सावरता, मान वर करून "अभिमन" म्हणते, आणि तुला वाटतं, बरोबर उत्तर!

मेल्या, ते उत्तर बरोबर होतं म्हणूनच चूक होतं. तीन प्रश्नांची उत्तरं शहाणी माणसं देतात तशी दिली असती आणि चौथ्याला मान खाली घातली असती, तर मी म्हटलं असतं पोर धड आहे. तिच्या जिभेवरचा पहारेकरी त्या दिवशी जागेवर नव्हता. तो कुठं गेला, हे विचारायचं सोडून तू गोळ्या बांधत होतास.

काल तिला हळूच विचारलं, "सुगंधा, तू दवाखान्यात नाव घेतलंस का गं?" तर माझ्याकडे बघत राहिली. "कुणाचं?" म्हणाली. दवाखानाच तिला आठवत नाही. शालिग्रामभाऊ भेटला होता हेही नाही. आणि मग तोंडावर हात ठेवून अशी रडली की मला धरवेना.

त्या खोलीत तुम्ही तिघं पुरुष होतात. तिघांनी ऐकलं. दोघांना अपमान वाटला, एकाला सुधारणा वाटली. घाबरला एकही नाही.

आता नीट वाच. सुगंधाला मी बरी करणार. बेबीला आणणार. ज्यांनी तिला टाकली त्यांचं नाक त्यांच्याच माणसांसमोर कापणार. आणि तू? तू तुझ्या डॉक्टर लोकांसमोर उभा राहशील आणि हे जसंच्या तसं सांगशील. तिचं नाव न घेता, तुझं मात्र घेऊन. तोवर या घरात तुला पाटावर जागा नाही.

आशीर्वाद या खेपेलाही नाही.

धुरपदा

---

धुळे, ता. ५ जुलै १९५६

ती. अक्का हिस सा. नमस्कार.

परवा जामनेरला सुगंधाला पाहून निघालो, तो काल रात्री इथं पोचलो. तू पाणी दिलंस, पण हातात दिलं नाहीस, उंबऱ्यावर तांब्या ठेवून आत गेलीस. मी तो उचलून प्यालो. पाचोऱ्याच्या त्या छोट्या गाडीत बसल्यावर तेच डोळ्यासमोर येत होतं.

सुगंधाला पाहिलं तेव्हा जे बोललो नाही ते आता लिहितो. तिच्या मेंदूला हादरा बसला आहे. बाहेर खोक नाही म्हणून आत काही नाही, असं आम्ही धरून चालतो. उभी राहिली, हसली, बोलली म्हणजे धड आहे, असंही धरतो. शुद्धीवर असणं आणि पूर्वीसारखं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुस्तकात कुठंतरी वाचलं होतं आणि परीक्षेपुरतं लक्षात ठेवलं होतं. ती पूर्वी कशी होती, हे मला त्या दिवशी कुणाला विचारावंही लागलं नसतं. मलाच ठाऊक होतं. मी तिला खेळवलंय. पण मी तिचा भाऊ म्हणून पाहिलंच नाही, बाहेर रांग किती आहे ते पाहिलं.

आता काय करायचं ते लिहितो. माझा दळणाचा सल्ला विसर. उजेड सोसत नाही तोवर माजघरच बरं. वाचन, शिवण, बारीक काम नको. टांग्यात, गाडीत बसवून हादरे नकोत. थोडं बरं वाटलं की थोडं काम, डोकं दुखलं की लगेच बंद. आज फुलं वेचली तर उद्या तेवढीच, परवा थोडी जास्त. तिच्याशी कुणी वाद घालू नये. ती खेकसली तर ते तिचं बोलणं नव्हे, दुखण्याचं आहे, हे काकांना सांग. एकसारखी झोपायला लागली, उलट्या झाल्या, एक बाहुली मोठी दिसली किंवा हातपाय लुळे वाटले, तर क्षणभर न थांबता मोठ्या दवाखान्यात ने. आणि डोक्याला दुसरा मार लागता कामा नये. हादरलेल्या डोक्याला दुसरा मार फार वाईट.

हे शेवटचं लिहिताना हात थांबला, त्याचं कारण सांगतो. येताना मी वाट वाकडी करून पाटलांच्या गावी गेलो होतो. बेबी बरी आहे, अंगणात खेळत होती. ताईबाई मला पाणवठ्याच्या वाटेवर भेटली. ती म्हणाली, दमणी आपोआप कलंडली नव्हती. अभिमननं दुसऱ्या गाडीशी शर्यत लावली, नाल्याच्या चढावर बैलांना पराणी टोचली, चाक बांधावर चढलं आणि सुगंधा मागच्या मागं पडली. आणि दवाखान्यातून घरी गेल्यावर, बापाची लाज काढली म्हणून, अभिमननं तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. ताईबाईनं आवाज ऐकला. दुसऱ्या दिवशी सुगंधा शेतात धसकटं वेचायला उन्हात होती.

अक्का, तो चौथा प्रश्न मी विचारला होता.

डॉक्टरांसमोर बोलायचं तेवढं मात्र माझ्याकडून मागू नकोस. धुळ्यात माझा जम बसायला किती वर्षं लागली तुला माहीत आहे. जे करायचं ते मी तिच्यासाठी गुपचूप करीन.

तुझा,
शालिग्राम

---

जामनेर, ता. २० ऑगस्ट १९५६

शालिग्रामा,

उद्या राखी. लिफाफा चाचपून बघू नकोस, त्यात काही नाही. राखी केली आहे, देवाच्या कोनाड्यात ठेवली आहे. तू बोललास की येईल. गुपचूप काही करायचं असतं ते चोरांनी.

चौकटीचं वाचल्यापासून मी दाराच्या चौकटीला टेकले तरी मला कसंतरी होतं. शाळेत पोरींना पाढे म्हणायला लावते आणि मनात त्या अभिमनला उभा आडवा चिरते. काका म्हणतात, फौजदाराकडे जाऊ. मी म्हटलं, फौजदार त्याला चार शिव्या देईल, हिलाल पाटील त्याला जेवण देईल, संपलं. वकील सांगतो, लहान लेकरू आईकडंच असावं असा कायदा होतोय म्हणे. कायद्यानं बेबी घरी येईस्तोवर बेबीलाच लेकरं व्हायची. मला ते नको. मला त्यांनी आपल्या पायांनी चालत यायला हवंय.

आणि ते येणार. हसू नकोस, खरंच येणार. दुसरी सून करायला गेले तर आता कायदा आडवा, आणि कायदा मोडून देईल असा मुलीचा बापही मिळेना. कापूस फुटायला लागेल, घरात बाईमाणूस नाही, बेबीला बघायला कुणी नाही. निंबा तेली त्यांच्याकडून निरोप घेऊन आला होता, "बरी झाली असली तर दिवाळीनंतर नेतो." असली तर! जणू बैल दवाखान्यातून सोडवायचाय.

मी काय उत्तर धाडलं ते ऐक. "व्याहीबुवांच्या कृपेनं सुगंधा सुधारते आहे. झालं गेलं विसरावं. आपण स्वतः जावईबापूंसह यावं, चार मोठी माणसं आणावी. बेबीला सोबत आणावं, म्हणजे मायलेकींची एकदम ओटी भरून पाठवणी करता येईल." काकांनी वाचलं आणि माझ्याकडे असे पाहायला लागले की मलाच हसू आलं. इतकी साखर मी जन्मात कधी कागदावर घातली नव्हती.

सुगंधा बरी होतेय. तुझं म्हणणं तंतोतंत पाळलंय, एवढं तुझ्या पदरात टाकते. अंगणात सावलीला बसते. परवा कढीला फोडणी दिली तेव्हा म्हणाली, "अक्का, हिंग जास्त झाला का गं?" वास आला तिला! मी भाकरी तशीच तव्यावर टाकून तिला मिठी मारली. अक्षरं अजून नाचतात म्हणते. पण नाचू देत, वाट पाहायला मला वेळ आहे.

आता तुझं बघ.

धुरपदा

---

धुळे, ता. ९ ऑक्टोबर १९५६

ती. अक्का हिस सा. नमस्कार.

गेल्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी जळगावला डॉक्टरांची बैठक झाली. मी बोललो.

काय झालं ते तुला हवं तसंच सांगतो, कारण तुला ते चवीनं ऐकायचं असेल. मी क्षयावर बोलणार असं छापलं होतं. उभा राहिलो आणि म्हणालो, "मी डॉक्टर शालिग्राम, धुळ्याचा. माझ्याकडून एक चूक झाली, ती सांगतो." चार प्रश्न सांगितले, चार उत्तरं सांगितली. चौथं उत्तर सांगितल्यावर मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "मग काय, बाई बिघडली म्हणायची!" आणि सभा हसली. पंधरावीस डॉक्टर, सगळे आपल्याच भागातले, सगळ्यांच्या घरी बायका "अहो" म्हणणाऱ्या, आणि सगळे हसले. मी त्या दिवशी तिच्यासमोर मनात असाच हसलो होतो, ते मला तिथं उभं असताना कळलं. खाली बसावंसं वाटलं.

बसलो नाही. म्हणालो, "हसा. पुढचं ऐका." चौकटीचंही सांगितलं. मग कुणी हसलं नाही.

पाचोऱ्याचे रुपचंद डॉक्टर आहेत, वयस्कर. ते उठले आणि म्हणाले, त्यांच्याकडे एक गाडीवान यायचा, पडल्यापासून पोरांना मारायला लागलेला. त्यांनी त्याला दारू सोड म्हणून बजावून घालवला होता. "तो पीत नव्हता," एवढंच बोलून ते खाली बसले. त्यानंतर एकेक जण बोलायला लागला. शेवटी असं ठरलं की डोक्याला मार लागलेलं माणूस आलं की आपले प्रश्न तर विचारायचेच, पण सोबतच्या माणसांना वेगळं बोलावून एक प्रश्न विचारायचा, "हे माणूस नेहमी असंच वागतं का?" आणि बाईमाणूस असेल तर हा प्रश्न सासरच्यांना नव्हे, माहेरच्यांना विचारायचा. हे शेवटचं मी घातलं. आणि घरी पाठवताना धोक्याची लक्षणं तोंडपाठ करून घेऊनच पाठवायचं.

तुझा सूड घेऊन झाला असं समज. धुळ्यात मला आता "नाववाले डॉक्टर" म्हणतात. काल एक गिऱ्हाईक आलं, त्यानं बायकोला दारातच दटावलं, "ह्या डॉक्टरनं मन्हं नाव विचारं तर सांगजो नको." मी पण हसलो. मग दार लावून बसलो थोडा वेळ.

राखी पाठव.

शालिग्राम

---

जामनेर, ता. १२ नोव्हेंबर १९५६

ती. शालिग्रामभाऊस सुगंधाचा सा. नमस्कार.

भाऊ, हे पत्र मीच लिहिते आहे. दोन दिवस लागले. चार ओळी लिहिते, डोळे मिटते, पुन्हा लिहिते. अक्षर वाकडं आहे, पण आता नाचत नाही. तुमचं जळगावचं पत्र अक्कानं मला वाचून दाखवलं. मोठ्यानं, दोनदा. दुसऱ्यांदा वाचताना तिचा आवाज बसला, पण तसं ती कबूल करणार नाही.

भाऊबीज झाल्यावर ते लोक आले. सासरे, हे, आणि त्यांच्या गावची चार मोठी माणसं. काकांनी आपल्या गावची चार बसवली. ओट्यावर सतरंजी टाकली होती. अक्कानं सगळ्यांना चहा दिला, शेव दिली. इतकी गोड बोलत होती की मलाच भीती वाटली. मी आत माजघरात उभी होते.

बेबी यांच्या कडेवर होती. अक्का म्हणाली, "आण बापू, ओटी भरायची तर लेकरू आईच्या मांडीवर हवं." त्यांनी दिली. भाऊ, बेबीनं मला ओळखलं नाही. माझ्याकडे बघून रडली आणि परत त्यांच्याकडे हात केले. मी तिला घट्ट धरलं. ती रडत राहिली, मी धरून राहिले. मग तिनं माझ्या पदराचा वास घेतला आणि गप्प झाली. तेव्हा मी अक्काकडे बघितलं.

अक्का म्हणाली, "मंडळी, पोर बरी झाली की नाही, बघून न्यायला नको? नंतर तुम्ही म्हणाल, फसवून गळ्यात बांधली. डॉक्टरनं धुळ्याला चार प्रश्न विचारले होते, तेच मी विचारते." सासरे खूश झाले. म्हणाले, "विचारा, विचारा."

अक्कानं विचारलं, तुझं नाव काय. मी सांगितलं. गाव कोणतं. सांगितलं. आज वार कोणता. सांगितला. सगळे माना हलवत होते. मग तिनं विचारलं, नवऱ्याचं नाव काय.

सगळ्यांना ठाऊक होतं की आता मी मान खाली घालणार, पदर ओढणार, आणि मग म्हणतील, बघा, बरी झाली. सासऱ्यांनी हसून दुसरीकडे तोंडसुद्धा फिरवलं, सुनेला लाजायला जागा मिळावी म्हणून. माझीही मान खाली जायला लागली होती, खोटं कशाला सांगू. लहानपणापासूनची शिकवण. जीभ आपोआप मागं सरली.

मग मी बेबीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि म्हणाले, "अभिमन."

सासरे ताडकन उभे राहिले. "बरी नई शे! आजून बरी नई शे!" असं ओरडले.

मी म्हणाले, "आबा, बरी शे म्हनीसन नाव लेस. तवय माले शुद नव्हती. आज शे." आणि मग नाव पूर्ण घेतलं, सगळ्यांच्या तोंडाकडे बघत. म्हणाले, ज्यानं बैलांना पराणी टोचून मला दमणीतून पाडलं, त्याचं नाव अभिमन हिलाल पाटील. ज्यानं माझं हादरलेलं डोकं चौकटीवर आपटलं, त्याचं नाव अभिमन हिलाल पाटील. ज्यानं पित्या लेकराला आईपासून तोडलं, त्याचं नाव अभिमन हिलाल पाटील. तुन्हा संगे मी येत नई.

हे जागेवरून हलले नाहीत. चेहरा पांढरा पडला होता. त्यांच्याच गावच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "का रे, चौकटीचं खरं शे का?" यांनी बापाकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं टोपी झटकली, चहाचा कप तसाच भरलेला खाली ठेवला आणि सतरंजीवरून उठला. मग बाकीचे तिघे उठले. सासरे त्यांच्या मागून गेले. हे सगळ्यांत शेवटी, एकटे. ताईबाईचा निरोप आला आहे की आता गावात पोरंसोरं बैल हाकताना यांचं नाव घेऊन ओरडतात आणि पराणी टोचल्यासारखं करतात. मला वाटलं होतं ते ऐकून वाईट वाटेल. नाही वाटलं. छान वाटलं.

त्या संध्याकाळी डोकं फार दुखलं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे अंधारात पडून राहिले. बेबी शेजारी होती.

अक्कानं श्रावणातली राखी सोबत घातली आहे. ती म्हणते, राखी पाठवते आहे, पाटही मांडीन, पण तांब्या अजून वर्षभर उंबऱ्यावरच मिळेल. मी तिला काही म्हटलं नाही. मीही तुम्हाला तो प्रश्न विसरले असं लिहिणार नाही. तुमच्याकडे पुन्हा कुणी बाई नवऱ्याचं नाव पटकन सांगून गेली तर तिला परत बोलवा, एवढं करा.

पत्राखाली सही करायला बसले तेव्हा अक्का म्हणाली, डॉक्टरला पत्र आहे, पूर्ण नाव लिही. मी म्हटलं, ते नाव घेऊन झालं.

सुगंधा